‘अनुभव म्हणून लिहा, जाहिरात म्हणू नका’

ताई, नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. मुलगी सोळा महिन्यांची आहे. बाळंतपणात नोकरी सुटली आणि रात्रीच्या जागरणात मी मराठीत ब्लॉग लिहायला लागले. बाळाला उचकी लागली तर काय करायचं, वरणाचं पाणी कधी सुरू करायचं, कोणती दुपटी धुऊन टिकतात, असं रोजचंच. आता मिरज, तासगाव, विटा, जतपर्यंतच्या काही हजार आया ते वाचतात.

गेल्या महिन्यात एका एजन्सीचा मेल आला. सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठीचं एका कंपनीचं तयार सिरियल, म्हणजे पाकिटातलं धान्याचं खाणं, आहे. तीन लेखांचे पंधरा हजार देणार, शिवाय वाचकांना वाटायला पाकिटं. अट एकच, ‘अनुभव म्हणून लिहा, जाहिरात म्हणू नका.’ मिस्टर म्हणतात, घरबसल्या येतायत तर घे. सासूबाई म्हणतात, आपण नातीला नाचणीचं सत्त्वच दिलं, मग जे दिलंच नाही ते कसं लिहायचं?

दुसरं म्हणजे, मी वॉकरबद्दल चांगलं लिहिलं होतं. ते वाचून धाकट्या जावेनं घेतला आणि तिचं बाळ वॉकरसकट पायरीवरून गडगडलं. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून लिहायला हात धजत नाही.

तिसरं, इथल्याच एका दुकानातून घेतलेल्या बाबागाडीचं चाक आठ दिवसांत निखळलं. दुकानदार दादच देत नाही. मी यावर लिहीन म्हटल्यावर त्यांच्या नात्यातल्या बाईंचा फोन आला, लिहू नकोस म्हणून. मला कळेना झालंय. मी साधी गृहिणी. माझ्या लिहिण्यानं कुणाचं काय बिघडणार किंवा सुधारणार?

– एक आई, सांगली

*

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी प्रामाणिकपणाच्या बाजूनं जे सांगितलं, तेच कायदाही सांगतो.

सिरियलचा प्रस्ताव नाकार. पंधरा हजारांना नाही आणि पन्नास हजारांनाही नाही. आपल्याकडे १९९२ पासून एक कायदा आहे. तान्ह्या बाळांचं डब्याचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळांचं तयार खाणं यांच्या विक्रीवर तो बंधनं घालतो. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आईच्या दुधाच्या जोडीला म्हणून विकलं जाणारं तयार खाणं त्यात येतं, म्हणजे तुला देऊ केलेलं सिरियलही येतं. या वस्तूंची जाहिरात करायला, जाहिरात छापण्यात किंवा प्रसारात भाग घ्यायला, त्यांचा खप वाढेल असं काही करायला बंदी आहे. ही बंदी फक्त कंपनीवर नाही, कोणाही व्यक्तीवर आहे. नमुन्याची पाकिटं वाटणंही त्यातच आलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एजन्सीनं मेलमध्ये यातलं काही सांगितलं होतं का? तुझ्या पत्रात तरी तसा उल्लेख नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. जोखीम तुझ्या नावावर आणि त्याची कल्पना मात्र तुला नाही.

हा कायदा उगाच झाला नाही. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना भुलून गरीब देशांतल्या आयांनी अंगावरचं पाजणं सोडलं, अस्वच्छ पाण्यात पावडर कालवली, डबा पुरावा म्हणून ती पातळ केली आणि बाळं दगावली. त्यावर जगभर रान उठलं आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत अशा विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. आपला कायदा त्याच धाग्यातला आहे.

आता एक विचार कर. ज्या मालाची जाहिरात टीव्हीवर नाही, पेपरात नाही, दवाखान्याच्या भिंतीवर नाही, तो खपवायला कंपनीला कोण हवं असतं? जिचं बोलणं जाहिरातीसारखं वाटत नाही अशी बाई. जिचं बाळ वाचणारीच्या बाळाच्याच वयाचं आहे, जी तिच्यासारखंच सांगलीकडचं बोलते, जिला रात्री तीन वाजता बाळ का रडतंय हे माहीत आहे. ‘जाहिरात म्हणू नका’ ही अट त्यासाठीच आहे. ते तुझं लेखन विकत घेत नाहीयेत. तुझ्यावर ज्या आया विसंबल्या आहेत, त्यांचा विश्वास विकत मागतायत. तो तुझ्याकडे ठेवायला दिलेला आहे, विकायला नाही.

एक गोष्ट सांभाळ मात्र. काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध द्यावंच लागतं. काही आयांना कामावर जायचं असतं, काहींच्या घरी नाचणी भिजवायला, मोड आणायला, वस्त्रगाळ करायला माणूस नसतं. नकार देताना किंवा त्यावर लिहिताना अशा आईला अपराधी वाटेल असं एक अक्षरही येऊ देऊ नकोस. पाकिटामागची बारीक अक्षरं कशी वाचायची, ‘घातलेली साखर’ कुठे शोधायची हे मात्र जरूर शिकव. त्याला कायद्याची आडकाठी नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेनं दाखवून दिलं होतं की तेव्हा भारतात विकलं जाणारं नेस्ले कंपनीचं सेरेलॅक साखर घातलेलं होतं आणि युरोपातल्या काही देशांत तसंच उत्पादन बिनसाखरेचं मिळत होतं. कंपनीचं उत्तर होतं की गेल्या पाच वर्षांत आपण घातलेली साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. पाकीट उलटं करून वाचणारी आई दुकानात उभी असेल, तर अशा गोष्टी कुणी परदेशातून सांगायची वाट बघावी लागत नाही.

‘साधी गृहिणी’ या शब्दांवर मी जरा थांबणार आहे, कारण पत्रात सगळ्यात चुकीचं काही असेल तर ते हे आहे.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मोट्रिन या वेदनाशामक गोळीची एक जाहिरात इंटरनेटवर होती. बाळाला झोळीत अंगाशी बांधून फिरणं ही जणू आयांची फॅशन आहे, त्यानं पाठ दुखते, मग आमची गोळी घ्या, असा तिचा सूर. ब्लॉग लिहिणाऱ्या आणि ट्विटरवरच्या आया खवळल्या. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत इतका गदारोळ झाला की कंपनीनं माफी मागून जाहिरात काढून घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं आपल्या नियमांत ब्लॉग लिहिणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख केला. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलंत तर तसं सांगा, हा नियम १ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. सरकारला नियम करावा लागला, कारण या बायकांच्या शब्दावर माल खपत होता आणि पडूनही राहत होता.

तिकडचं कशाला, हैदराबादचं बघ. डॉ. शिवरंजनी संतोष या बालरोगतज्ज्ञ आठेक वर्षं एकच गोष्ट सांगत राहिल्या. जुलाब झालेल्या मुलांना आया ज्या गोड पेयांचे खोके ‘ओआरएस’ समजून पाजतात, ते ओआरएस नाही, त्यातल्या जास्त साखरेनं जुलाब वाढू शकतात. न्यायालयात गेल्या, व्हिडिओ केले, आयांना पाकिटं वाचायला लावली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना नावात ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. त्या डॉक्टर होत्या हे खरं. पण त्यांचं म्हणणं घरोघरी पोचवलं ते आयांनीच, एकमेकींना पाठवून.

आणि आपल्या मराठी बायकांना हे नवीन आहे का? १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या, आणि मागे होत्या मुंबईच्या चाळींतल्या हजारो गृहिणी, हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळालं पाहिजे एवढंच मागणं. त्या काळच्या मंत्र्यांना लाटणे मोर्चा म्हटलं की दखल घ्यावी लागायची. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. सभासद कुटुंबांचे गट करून घाऊक खरेदी आणि महिन्याच्या महिन्याला वाटप, हे काम तिथं वर्षानुवर्षं प्रामुख्यानं बायकांनीच ओढलं. घरात काय यायचं हे ठरवणारी बाई जेव्हा शेजारणीशी बोलून ठरवते, तेव्हा बाजाराला ऐकावं लागतं. तुझी शेजारीण आता जतला आहे आणि विट्याला आहे, एवढाच काय तो फरक.

तासगावची पहिलटकरीण माहेरी आलेली असते. डॉक्टरांची गाठ महिन्यातून एकदा, तीही मिरजेत दोन तास बाकावर बसून दोन मिनिटांची. आई सांगते एक, सासू फोनवरून सांगते दुसरं. रात्री पाजताना ती फोन उघडते आणि तुझं वाचते. सकाळी नवऱ्याला सांगते, येताना हे घेऊन या. ही तुझी ताकद आहे.

आणि या ताकदीमुळेच वॉकरचं ते घडलं. हात धजत नाही हे मला चांगलं लक्षण वाटतं, पण गप्प बसणं हा त्यावरचा उपाय नाही. तो जुना लेख अजून तिथंच आहे ना? तो आज कुणीतरी वाचेल आणि उद्या मारुती रोडवर जाऊन वॉकर घेईल. लेख गुपचूप काढून टाकू नकोस. त्याच्याच वरती, ठळक, लिही की मी हे सुचवलं होतं, आमच्याच घरात बाळ पडलं, आता मी हे सुचवत नाही. पुढे कारणंही दे. वॉकरमध्ये बाळाला त्याच्या वयाला न पेलणारा वेग मिळतो, पायरी आणि उंबरा त्याला कळत नाही, गरम भांड्यापर्यंत हात पोचतो. त्यानं बाळ लवकर चालतं हा समजही खरा नाही, उलट उशीर होऊ शकतो. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर सरसकट बंदी घातली. आपल्याकडे ते सर्रास विकले जातात, बारशाला भेट म्हणूनही येतात. भेट आलेल्या वॉकरचं काय करायचं, आजी-आजोबांना न दुखावता काय सांगायचं, यावर तू लिहिलंस तर तो तुझा सगळ्यात उपयोगी लेख होईल. जावेला मात्र आधी भेट. तिच्याशी बोलल्याशिवाय तिच्या बाळाचं काही छापू नकोस, नाव-गाव तर मुळीच नको.

बाबागाडीच्या दुकानाकडे येते. तुझ्याकडे बिल आहे का? नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, निखळलेल्या चाकाचा फोटो, दुकानाशी झालेले मेसेज हे सगळं एका जागी ठेव. मग दुकानाला लेखी कळव, मेसेज चालेल, की अमुक तारखेला घेतली, अमुक तारखेला चाक निघालं, बदलून द्या किंवा पैसे परत करा, पंधरा दिवसांत उत्तर द्या. या लेखी कळवण्यात ब्लॉगचा उल्लेखसुद्धा नको. ‘मी लिहीन’ असं तू तोंडी म्हणालीस, ते रागात म्हणालीस हे मला समजतं, पण ते हत्यार असं उगारायचं नाही. आज बाबागाडीसाठी उगारलं की उद्या सवलतीसाठी उगारावंसं वाटतं. ‘मी लिहिते, मला कमी करा’ असं म्हणणारी एक जरी निघाली, तरी दुकानदार सगळ्याच लिहिणाऱ्यांना त्याच रांगेत बसवतात.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. तिथंही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथं स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, वकील लावावाच लागतो असं नाही. एवढं झाल्यावर लिहायचं असेल तर घडलं तेच लिही. तारीख, काय तुटलं, काय मागितलं, काय उत्तर आलं. ‘हे लोक लुटारू आहेत’ असं वाक्य लिहिलंस तर ते तुला सिद्ध करावं लागेल. ‘आठ दिवसांत चाक निघालं’ हे तुझ्या फोटोत आहे. त्या नात्यातल्या बाईंना फोन करून गोड शब्दांत सांग की वहिनी, माझं भांडण कुणाशी नाही, मला चाक टिकणारी गाडी हवी आहे, तुम्हीच त्यांना जरा सांगा ना. सांगलीसारख्या गावात अशा एका फोननं काम झाल्याचं मी पाहिलंय. झालं तर तेही लिही, की दुकानानं बदलून दिली. तुझ्या वाचकांना दोन्ही कळायला हवं.

राहिला पैशाचा प्रश्न. मिस्टरांवर रागावू नकोस, त्यांचं पूर्ण चूक नाही. तू रात्री जागून लिहितेस, त्याला मोल आहे आणि ते मागण्यात कमीपणा नाही. आयांनी सगळं प्रेमापोटी करावं आणि पैसा दुसऱ्यांनी कमवावा, हे मला कधीच पटलेलं नाही. पैसे घे, पण उघड घे. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, २०२१ मध्ये यासाठी नियम केले. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा तर आहेच, आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सोप्या भाषेत मार्गदर्शिकाही काढली. पैसे मिळाले असोत, वस्तू फुकट मिळाली असो, प्रवास किंवा सवलत मिळाली असो, वाचणाऱ्याला ते चटकन दिसेल अशा जागी आणि लेखाच्याच भाषेत सांगायचं. तू मराठीत लिहितेस, तेव्हा शीर्षकाखालीच ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं मराठीत लिहायचं. शेवटी वीस हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेलं चालत नाही. व्हिडिओ असेल तर तोंडानंही सांगायचं आणि पडद्यावरही दिसायला हवं.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, ती करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एक वर्षापर्यंत जाहिरात करायला बंदी येऊ शकते. पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाख आणि तीन वर्षं. पण दावा खरा आहे की नाही याची तू पुरेशी खातरजमा केली असशील तर कायदा तुला संरक्षण देतो. म्हणून कंपनीला विचारायला लाजू नकोस. ‘बुद्धी वाढवते’ म्हणता, कशावरून? कागद दाखवा. खेळणं असेल तर आयएसआय खूण आहे का बघ, १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. आणि वस्तू महिनाभर वापरल्याशिवाय शब्द देऊ नकोस.

मग घ्यायचं काय? मुलांची मराठी पुस्तकं, सुती कपडे, लाकडी खेळणी, मोठ्यांसाठीच्या घरगुती वस्तू, यांत तुला पटेल असं पुष्कळ सापडेल. आपल्याच बाजारपेठेतले छोटे व्यावसायिक आहेत, सांगलीची हळद आहे, तासगावचा बेदाणा आहे. बेदाण्याबद्दल लिहिलंस तर लहान बाळांना तो अख्खा द्यायचा नाही, भिजवून कुस्करून द्यायचा, हे त्याच लेखात आलं पाहिजे, आणि विकणाऱ्याला ते आवडत नसेल तर त्याचं काम घेऊ नकोस. औषधं, ताकदीची पावडर, बाळाचं वजन वाढवणारं काहीही, यांपासून चार हात लांब राहा.

व्यवहार लेखी ठेव. मजकूर माझा राहील, न आवडलेलं मी लिहीन, ‘जाहिरात’ हा शब्द निघणार नाही, या तीन गोष्टी मेलमध्ये मान्य करून घे. वस्तूच्या रूपात मिळालेल्या मोबदल्याचाही हिशेब ठेव. १ जुलै २०२२ पासून नियम असा आहे की एकाच कंपनीकडून वर्षात वीस हजारांच्या वर अशा वस्तू मिळाल्या आणि तू त्या ठेवून घेतल्यास, तर त्यावर दहा टक्के कर कापला जातो. परत केल्यास तर प्रश्न नाही. आणि मुलीचा चेहरा कोणत्याही करारात येऊ देऊ नकोस. तिच्या हाताचा, पायाचा, पाठमोरा फोटो पुरतो. आंघोळीचा किंवा उघड्या अंगाचा फोटो तर कुणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही.

एजन्सीला आजच दोन ओळींचं उत्तर पाठव: ‘दोन वर्षांखालील बाळांच्या तयार आहाराच्या प्रचाराला कायद्यानं बंदी आहे, म्हणून मी हे काम करू शकत नाही. पाकिटं पाठवू नयेत.’ त्यांचे जुने मेल पुसू नकोस. पुन्हा फोन आला, रक्कम वाढवली, ‘सगळ्याच आया करतात’ असं म्हणाले, तर तेही लिहून ठेव आणि मला कळव. तुझ्यासारखे मेल आणखी कुणाकुणाला आलेत, हे तुझ्या वाचक आयांना विचारलंस तर आणखी बरं. चौघीजणी निघाल्या तर मिळून एक तक्रार करता येईल, आणि तिचा मसुदा करायला मी मदत करेन.

तुझी,
ताई